ओंकारला पुण्याला नेण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आले असते. पण ओंकार घरात असताना तुम्हाला मोकळेपणी बोलता येत नाही आणि आपल्याविषयी कुजबुज चालली आहे असे त्याला वाटणे आत्ता मुळीच नको, म्हणून लिहीत आहे. पुण्यातील एका मनोविकारतज्ज्ञांची पुढच्या आठवड्यातील वेळ मी घेतली आहे. शनिवारी मी देवरुखला येईन आणि रविवारी त्याला घेऊन निघेन. आधी विचारले नाही म्हणून, आई, तुला राग येईल. तो येऊ दे, पण वेळ रद्द करायला मात्र सांगू नकोस.

रात्री जागणे, दिवसा झोपणे, नापास होणे, आंघोळ टाळणे, मित्रांचे फोन न उचलणे, हे या वयात कोणाचेही होते असे बाबांचे म्हणणे आहे आणि तेवढेच असते तर मीही तेच म्हटले असते. परंतु मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावणे, समोरच्या ओटीवरची माणसे आपल्याविषयीच बोलतात असे वाटणे, टीव्हीवरच्या बातम्यांतून आपल्यालाच काही सुचवले जात आहे असा संशय घेणे आणि खोलीत एकटा असताना कोणाला तरी उत्तर देणे, हे आळसाने होत नाही. सायकोसिस, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे किंवा खोटे संशय खरे वाटू लागणे, हा आजार बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि त्याआधी कित्येक आठवडे किंवा महिने अशाच खुणा दिसू लागतात. निदान करणे माझे काम नाही. थायरॉइडचा दोष, ब-१२ची कमतरता किंवा फिट्सचा विकार यांमुळेही असे होऊ शकते, त्यामुळे डॉक्टर त्या तपासण्याही सांगतील. वसतिगृहात गांजा ओढल्याचे त्याने मला सांगितले आहे. बाबा, त्यावरून आत्ता रागावू नका, डॉक्टरांना मात्र ते सांगावेच लागेल.

घाई का, तर परवा तो मला म्हणाला, “ताई, हे सगळे मला उगाच वाटते आहे का गं?” स्वतःच्या संशयाविषयी त्याला अजून शंका येते. ती यायची थांबली की तो कोणाबरोबरही डॉक्टरांकडे येणार नाही. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी सुधारणा चांगली होते. असाच त्रास होता म्हणून भाऊकाकांना माळ्यावर ठेवले तेव्हाही गोळ्या मिळत होत्या. आजीला ते सांगणारे कोणी नव्हते, एवढेच. यात तुमच्या संगोपनाचा दोष नाही. फाजील लाडाने किंवा एखाद्या धपाट्याने हा आजार होत नाही.

रत्नागिरीचे मनोरुग्णालय जवळ आहे हे मला ठाऊक आहे; पण सुरुवातीला वरचेवर दाखवावे लागेल आणि बाबांच्या गुडघ्याला तो एसटीचा प्रवास झेपणार नाही. माझ्याकडची मागची खोली त्याच्यासाठी रिकामी केली आहे, तिथे रस्त्याचा आवाज येत नाही. उकडे तांदूळ आणि कुळथाचे पीठ घरात आहे, सकाळचा मऊ भात मी स्वतः करीन. मला गोवर आला तेव्हा, आई, तू त्याला आत येऊ देत नव्हतीस, तर तो दाराच्या फटीतून बिस्किटे सरकवत असे. गोळ्यांनी पहिले काही आठवडे सुस्ती येईल, कदाचित वजन वाढेल, आणि बरे वाटू लागले तरी त्या वर्ष-दोन वर्षे घ्याव्या लागतील. गावात कळण्याची भीती बाळगू नका. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

शनिवारपर्यंत त्याच्याशी वाद घालू नका आणि “हो, बोलतात खरे” असेही म्हणू नका. “तुला भीती वाटते आहे, आम्ही आहोत” एवढे पुरे. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे अवश्य घाला, पण त्याला भगताकडे नेऊ नका. लग्नाचा विषय काढू नका. आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धी त्याला देऊ नका. कलमांवर फवारायची औषधे आजच कुलपात ठेवा. तो जिवाचे काही बरेवाईट करण्याचे बोलला, किंवा आवाज त्याला तसे करायला सांगत आहेत असे म्हणाला, तर माझी वाट न पाहता 108 ला फोन करून त्याला रुग्णालयात न्या आणि तोवर त्याला एकटे सोडू नका. एरवी काही विचारायचे असल्यास 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर रात्रीसुद्धा मराठीत बोलता येते.

त्याला पुण्याला नेण्याचे मीच सांगेन, तुम्ही आधी काही बोलू नका. त्याचे आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट काढून ठेवा आणि तो केव्हा झोपतो, केव्हा उठतो ते रोज एका कागदावर लिहा. आई, तुझी बीपीची गोळी या गडबडीत चुकवू नकोस. शनिवारी रात्री जेवायला येते. माझ्यासाठी वेगळे काही करत बसू नकोस.

तुमची,
ताई