ट्रायलच्या कुपीत एक परफ्युम, बाटलीत दुसराच : लेखी तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि व्यवस्थापक

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरशी बोललो. आता फोन करणार नाही, म्हणून हे पत्र. ऑर्डर क्रमांक, बिल, कुपी आणि बाटली दोन्हींच्या लेबलांचे फोटो आणि बॅच नंबर सोबत जोडले आहेत.

तुमच्या ट्रायल सेटमधल्या निळ्या टोपणाच्या २ मिलीच्या कुपीवर ‘ओ द पर्फ्युम’ छापलंय. ती वापरली, पसंत पडली, आणि सेटबरोबर आलेलं कूपन लावून मी १०० मिलीच्या दोन बाटल्या मागवल्या. आल्या त्या ‘ओ द टॉयलेट’. नाव तेच, टोपण तेच, खोक्यावरचं चित्रही तेच. सेटच्या पानावर ‘आवडला? मोठी बाटली घ्या’ असं जे बटण आहे, ते थेट याच बाटलीवर नेतं. कुपीतला माल वेगळा आणि हा वेगळा, असं त्या पानावर एका ओळीनंही लिहिलेलं नाही.

दोन्हींत फरक काय हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘ओ द पर्फ्युम’मध्ये सुगंधी अर्क साधारण १५ ते २० टक्के, ‘ओ द टॉयलेट’मध्ये ५ ते १५. शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या दोन प्रकारांत घटकही वेगळे असतात. नुसता पातळ केलेला तोच माल नसतो. तुमचंही तसंच दिसतंय. कुपीतला सुरुवातीला लिंबासारखा यायचा, मग हळूहळू वाळा आणि चंदन वर यायचं, आणि संध्याकाळी शर्ट काढताना कॉलरला तो वाळा रेंगाळत असायचा. त्या वाळ्यावरच मी भुललो. बाटलीतल्याला लिंबू आहे, पुढे काही नाही. दोन स्वच्छ सुती फडक्यांवर दोन्ही मारून व्हरांड्यात वाळत घातली. मी एकट्यानं नाही, घरच्यांनी आणि शेजारच्यांनीही कोणतं कशाचं ते न सांगता हुंगली. दुपारपर्यंत एक फडकं कोरं झालं होतं. कुठलं, हे कुणालाही ओळखता आलं.

यातली एक बाटली धोंड्याच्या महिन्यात वाणाबरोबर जावयाला दिली होती. स्वस्तातला पण नावाजलेल्या डिझायनरचा, म्हणून मुद्दाम निवडला होता. जावईबापू काही बोलले नाहीत. मुलीनं फोन करून हळूच सांगितलं, ‘बाबा, कराडात ऑफिसला पोचेपर्यंत उडून जातो तो.’ मानानं दिलेली वस्तू अशी निघाली, तर देणाऱ्याची मान खाली जाते. ही भरपाई तुमच्या कुठल्याच कूपनमध्ये बसत नाही.

आता आज सकाळचं बोलणं. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं म्हणतात, तर ते व्यवस्थापकांनी स्वतः ऐकावं. मी दोन्ही लेबलं वाचून दाखवली. प्रतिनिधी म्हणाला, ‘सर, ते फक्त लेबल असतं, परफ्युम सेमच आहे.’ मी म्हटलं, सेम असेल तर लेखी द्या. त्यावर त्यानं विचारलं, ‘सर, तुम्ही काय काम करता?’ म्हटलं, सांगलीत मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. तर म्हणाला, ‘मग बरोबर आहे सर. दिवसभर हळदीच्या वासात बसता, तुमच्या नाकाला परफ्युम कळणार नाही. प्रीमियम नोट्स समजायला नाक ट्रेन असावं लागतं.’ मी गप्प झालो. माझं गप्प राहणं त्याला होकार वाटला असावा, कारण पुढे म्हणाला, ‘तुमच्याकडे हीटपण जास्त असेल ना, छोट्या गावांत असं होतं. तक्रार क्लोज करू का?’

करू नका. क्लोज करू नका असं मी तेव्हाही स्पष्ट सांगितलं, तरी मेसेज आला की तक्रार क्लोज झाली.

नाकाचंच काढलंत म्हणून सांगतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बाजारात आमच्या घराचं पोट पिढ्यान्‌पिढ्या नाकावर चालतंय. हरिपूरच्या पेवातून, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातून, काढलेल्या हळदीला पाणी लागलंय का, हे आमचे वडील पोत्याचं तोंड सोडताच वासावरून सांगायचे. सौद्यात आम्ही मूठभर हळद नमुना म्हणून पुढे ठेवतो, खरेदीदार ती चोळून, हुंगून भाव बोलतो. पोत्यात नमुन्यापेक्षा वेगळा माल निघाला तर अडत्या जबाबदार. गिऱ्हाइकाच्या नाकात दोष आहे म्हणून आमच्यात कुणी सुटत नाही. तुमची कुपी हा तुमचा नमुना होता. बाटलीत तोच माल हवा होता.

आणि ‘उघडलेली बाटली परत घेत नाही’ हा नियम पुन्हा पुन्हा वाचून दाखवू नका. बाटली उघडल्याशिवाय वास कळत नाही, हे परफ्युम विकणाऱ्यांना माहीत नसेल असं मी मानत नाही. इथे वास आवडला नाही अशी तक्रारच नाही. पसंत केलेला माल आलाच नाही, ही तक्रार आहे. पहिल्या फोनपासून हेच सांगतोय आणि प्रत्येक वेळी नवीन माणूस तोच नियम वाचतो.

वाईट याचं वाटतं की कुपीतला परफ्युम खरोखर चांगला होता. इतक्या कमी किमतीत असा वाळा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. यार्डातल्या कितीतरी जणांना मी आपणहून त्याबद्दल सांगितलं होतं. आता त्यांना घेऊ नका म्हणून सांगावं लागतंय.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून महिन्याभरात ती निकाली काढायची असते. माझ्या ई-मेलला अजून पोच नाही. या पत्राचीही आली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला तक्रार जाईल आणि त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी फीसुद्धा नाही. कुपी, बाटली आणि दोन्ही फडकी मी जपून ठेवली आहेत.

मला दोन्ही बाटल्यांच्या जागी कुपीतलाच ‘ओ द पर्फ्युम’ हवा आहे, नाहीतर पूर्ण पैसे, दोन्ही बाटल्यांचे. परत नेण्याचं कुरिअर तुमच्या खर्चानं. वेबसाइटवर सेटच्या पानावर हा फरक ठळक लिहा. आणि हळदीच्या वासावरून जे बोललं गेलं, त्याबद्दल लेखी माफी हवी, व्यवस्थापकाच्या सहीनिशी. उत्तर ई-मेलवरच पाठवा, फोन उचलणार नाही.

एक ग्राहक,
मार्केट यार्ड, सांगली