प्रत्येक लशीच्या वेळी बाळाचं डोकं मोजा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिच्या मेंदूत गाठ सापडली. नाव एटीआरटी. दुर्मिळ, झपाट्यानं वाढणारी आणि बहुतेक वेळा तीन वर्षांखालच्या मुलांनाच होणारी.

त्याआधी ती रोज सकाळी उठल्या उठल्या ओकत होती. "दात येताहेत," असं सांगून आम्हाला तीनदा घरी पाठवलं. महिन्यापूर्वी सैल होणारं टोपडं तिला बसेना, तेव्हा आम्हीही बाळसं धरलंय म्हणून कौतुकच केलं. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं सांधलेली नसतात. आत गाठ वाढली, पाणी साचलं, की डोकंच मोठं होत जातं आणि आजार बरेच दिवस झाकला जातो. मग टाळू फुगते, नजर खाली ओढली जाते, मान कलते, बसायला शिकलेलं बाळ पुन्हा कोलमडतं. डोक्याचा वाढता घेर टेपवर पुष्कळदा त्याआधीच दिसतो. तिच्या लसीकरण कार्डावर वजन दर वेळी लिहिलंय. घेराच्या रकान्यात फक्त जन्माचा आकडा, पुढे सगळं कोरं.

जागतिक आरोग्य संघटनेचे घेराचे तक्ते २००७ पासून आहेत. प्रत्येक लशीच्या वेळी घेर मोजून तक्त्यावर मांडणं सक्तीचं करा. रेषा भराभर वर चढताना दिसली, तर त्याच दिवशी टाळूवरून सोनोग्राफी व्हावी. त्याला भूल लागत नाही. संशय राहिला तर एमआरआयसाठी ताटकळावं लागू नये.

दुसरी विनंती तपासणीची. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूतल्या दुसऱ्या प्रकारच्या गाठीसारखी दिसू शकते. आमचा पहिला अहवाल तसाच आला होता. आयएनआय-१ हे प्रथिन पेशींत नाही, हे कळल्यावर निदान बदललं आणि औषधंही बदलली. एवढ्या लहान वयात रेडिएशन वाढत्या मेंदूला इजा करतं, म्हणून डॉक्टर ते शक्यतो टाळतात. तिला जास्त ताकदीची केमो देऊन आधी काढून ठेवलेल्या तिच्याच रक्ताच्या मूळपेशी परत चढवल्या. आयएनआय-१ची ही तपासणी प्रत्येक बाळाच्या मेंदूतल्या गाठीची व्हायला हवी, मग ते कुठल्याही रुग्णालयात असो.

ती आता दोन वर्षांची आहे. धरून धरून चालते. दर तीन महिन्यांनी एमआरआय असतो.

आपण वेळ दिलीत, तर ते कार्ड घेऊन भेटायला येईन.

आपली,
एक आई