वाचा गेलेल्या माणसाची फोनवर 'संमती' घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वरीलप्रमाणे, शिवाय 10,800 रुपये परत मिळण्याबाबत

आत्ताच तुमच्या माणसाने माझा सहावा फोन 'सहकार्याबद्दल धन्यवाद' म्हणून ठेवला. कसलं सहकार्य, ते त्यालाच माहीत.

बाबांना घेऊन गडहिंग्लजहून कोल्हापूरला फिजिओथेरपीला जायचं तर गाडी करून अख्खा दिवस मोडतो, म्हणून घरीच व्यायाम करून घेणारं तुमचं ॲप घेतलं. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यातले पाच आठवडे ॲप 'हात चौकटीत ठेवा' एवढंच म्हणत राहिलं. मी शेजारी बसून बाबांचं मनगट उचलून धरायचो, तर कॅमेरा माझाच हात मोजून 'शाब्बास!' म्हणायचा.

आता मंगळवारचा फोन. बाबांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती, उजवा हात गेला आणि वाचाही. समजतं बरंच, पण तोंडातून एकच शब्द निघतो: "बरं". हे नोंदणीच्या अर्जावर लिहिलंय, तुमच्याच थेरपिस्टने तपासलंय. तरी फोनवरच्या तुमच्या बाई म्हणाल्या, "खातं पेशंटच्या नावावर आहे, त्यांनाच बोलू द्या." म्हटलं, त्यांना बोलता येत नाही, म्हणूनच तर तुमच्याकडे आलोय. "हो सर, पण प्रोसेस आहे." फोन स्पीकरवर टाकला.

"सर, आपली जन्मतारीख?"

"बरं."

"सर, जरा स्पष्ट बोला."

बाबांनी सगळा जीव एकवटला. मानेच्या शिरा फुगल्या. "बरं."

"ठीक आहे सर. प्लॅन पुढचे तीन महिने चालू ठेवू ना?"

"बरं."

हे मात्र बाईंना लख्ख ऐकू गेलं! मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत फोन बंद, आणि संध्याकाळी खात्यातून 10,800 रुपये वळते. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी व्यायाम नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तुमच्या माहितीपत्रकात अमेरिकेतल्या अभ्यासाचा दाखला ठळक छापलाय: 2019 साली प्रसिद्ध झालेला, 124 रुग्ण, घरून घेतलेल्या उपचारांचा हाताला दवाखान्याइतकाच फायदा. तो मी वाचला. त्यात 36 सत्रं होती, त्यातली 18 थेरपिस्टच्या देखरेखीखाली. आम्हाला पाच आठवड्यांत दोन मिळाली, त्यातलं एक आवाजाविना. म्हणजे दाखला त्यांचा आणि माल तुमचा.

सात दिवसांत पैसे परत करा आणि मंगळवारच्या कॉलचं रेकॉर्डिंग द्या. नाहीतर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन आणि ते रेकॉर्डिंग तिथे वाजवायला लावीन. जन्मतारीख जुळली नाही, पण संमती जुळली, हे पुन्हा लिहितोय, कारण सहा फोनांत तुमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

उत्तर लेखी द्या. फोन केलात तर बाबांकडे देईन.

आपला ग्राहक (अजून तरी)