'चालणार तर नाहीच, मग ऑपरेशन कशाला?'

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

मी सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणतो. माझी ९ वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूच्या इजेने स्नायूंवर ताबा नसल्यामुळे, चालत नाही, बोलतही नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तिच्या आईने लंगोट बदलायला पाय उचलला आणि 'कट्' आवाज आला. पडली नाही, आपटली नाही. मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं होतं.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "कुणी मारलं का?" विचारावंच, लेकरांना मारणारेही असतात. पण ज्या हाडावर कधी भारच पडला नाही ते ठिसूळ होतं, फिटच्या काही गोळ्यांनी ड जीवनसत्त्वही कमी होतं, हे तिथे कुणी बोललं नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी नंतर समजावलं. तोवर बायको स्वतःलाच बोल लावत बसली होती.

मग डॉक्टरांचं ते सुरुवातीला लिहिलेलं वाक्य. आणि कमरेपासून पावलापर्यंत प्लॅस्टर, ६ आठवडे. ते लघवीने भिजायचं. टाचेला आत जखम होत होती. ती रडायची, आम्हाला वाटायचं हाड दुखतंय. प्लॅस्टर कापल्यावर वास आला, तेव्हा कळलं. शिवाय इतके दिवस जखडलेलं हाड आणखी कमजोर होतं ते वेगळंच.

अशा मुलांची बरीचशी फ्रॅक्चर भरपूर कापूस लावलेल्या स्प्लिंटमध्ये, म्हणजे आधाराच्या पट्टीत, ३-४ आठवड्यांत जुळतात. काहींना सळई किंवा प्लेट लागते. चालण्यासाठी नसेल, पण न दुखता बसता यावं, कूस बदलता यावी म्हणून. लेकरू कसं बसतं, त्याला कोण उचलतं, एवढं विचारल्याशिवाय हे ठरू नये.

साहेब, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांची तपासणी आणि उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, ती येतातच. तिथेच त्यांचं ड जीवनसत्त्व तपासा, उचलायचं कसं ते आईबापांना शिकवा, आणि हाडांच्या ओपीडीला लेखी सूचना द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ उपचारात प्राधान्य द्या म्हणतं. दिव्यांग प्रमाणपत्र देताना मुलीच्या अपंगत्वाचे टक्के मोजले, हाडांचं कुणी विचारलं नाही.

ती आता पुन्हा खुर्चीत बसते, एका बाजूला कलून. लंगोट बदलायला आम्ही दोघं लागतो, म्हणून मी रातपाळी मागून घेतली आहे.

आपला,
एक यंत्रमाग कामगार, सोलापूर