नखी तासणाऱ्या मुलीला

मिरज

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, या सीझनला तीन कामं मिळाली. दोन ठिकाणी वाद्य जुळवलं, एका ठिकाणी वाजवलं." हसत म्हणालीस खरं, पण पुढचं वाक्य गिळलंस. आईलाही ते कळलं, ती तशीच मेथी निवडत बसली. फोनवर मला पटकन काही सुचत नाही, म्हणून लिहितोय. धाकटा फोटो काढून पाठवेल. अक्षर लावून घे.

ईस्टरच्या आधी तिकडे हॉलंडात गावोगावच्या चर्चमधून बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं पॅशन, म्हणजे येशूच्या मरणाची गायन-वादनातली कथा, होते, नार्डेन गावात तर १९२२ पासूनची परंपरा आहे, आणि जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्यांची वर्षाची बरीच कमाई त्याच काही आठवड्यांत होते, हे तूच मला सांगितलंस. म्हणजे लग्नसराईतले आपले बँडवाले. त्यातही व्हायोलिनवाले दहा-बारा लागतात आणि तुझं हार्पसिकॉर्ड, पियानोसारखं पण नख्यांनी तारा छेडणारं, एकच. पगारी जागा जवळजवळ नाहीतच, ज्याला बोलावतील त्याने जायचं. हे गणित तू निघालीस तेव्हाही मला कळत होतं. कळूनही मी हो म्हटलं, कारण तू सुट्टीत आलीस तेव्हा टेबलावर त्या वाद्यातली एक पट्टी काढून दाखवली होतीस.

आठवतं? बोटभर रुंदीची पातळ लाकडी पट्टी, तिच्या डोक्याशी तार छेडणारी, तांदळाच्या दाण्याएवढी नखी. तू चष्मा लावून, खालून, धारदार सुरीने तिचा कणभर भाग तासलास आणि म्हणालीस, "आता आवाज मोकळा होईल. अजून एकदा सुरी फिरली तर मेली." मी पस्तीस वर्षं तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवतोय. तार गुंजावी म्हणून घोडी तासून जवारी काढताना हात कुठे थांबवायचा हे कुणी शब्दांत सांगू शकत नाही. एकदा एका मोठ्या गायकाच्या तंबोऱ्यावर माझी कानस दोनदा जास्त फिरली. षड्ज बोलायचा बंद झाला. रात्री बसून नवी घोडी घातली, मजुरी घेतली नाही. तुझी सुरी थांबताना मी पाहिली, आणि पोरगी उपाशी राहणार नाही असं मनात म्हटलं.

आता मुद्द्याचं. तुला वाटतंय की जुळवणारी म्हणून नाव पडलं की वाजवणारी म्हणून कुणी विचारणार नाही. तू ठेवून गेलेल्या पुस्तकातलं एक पान धाकट्याने मला मराठीत सांगितलं. फोर्केल नावाच्या माणसाने १८०२ साली बाखचं चरित्र लिहिलं. त्यात आहे की बाखच्या हार्पसिकॉर्डच्या नख्या दुसऱ्या कुणी बसवल्या तर त्याला पटायच्या नाहीत, तो स्वतःच बसवायचा. जुळवायचाही स्वतःच, आणि पाव तासाच्या वर वेळ लावायचा नाही. पाव तास! तू अजून चाळीस मिनिटं घेतेस ना? तिथे लाज वाटू दे हवी तर.

फ्रान्सचा तो जुना हार्पसिकॉर्डवादक कूपरँ बघ. त्यांच्या घराण्याकडे पॅरिसच्या सँ-जेर्व्हे चर्चचा ऑर्गन १६५३ पासून १८२६ पर्यंत होता, म्हणजे पावणेदोनशे वर्षं एकाच घरात. त्याने १७१६ साली वाजवायच्या कलेवर पुस्तक लिहिलं आणि त्यात लहान मुलांसाठी नख्या अगदी हलक्या असाव्यात असं बजावलं. वाजवण्याच्या पुस्तकात नख्या कशाला आल्या? त्यांच्या लेखी ही दोन कामं नव्हतीच.

त्यात तुझा कान तंबोऱ्याखाली वाढलाय. खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप उमटतो, तो तू पाच वर्षांची असताना ओळखला होतास आणि "बाबा, कोण गातंय?" म्हणून खोलीभर शोधत होतीस. आपल्या पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा चौदा सेंट चढा, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभर भागांतले चौदा. तू म्हणतेस की मीनटोन नावाच्या त्या जुन्या जुळवणीत गंधार शुद्ध लावतात आणि तिथली मुलं तो यंत्रावर बघून लावतात. तू बघू नकोस.

मात्र एका गोष्टीचा मला राग आहे. वाजवायला बोलावतात तिथे आधीची आणि मध्यंतरातली जुळवणी तुझ्याकडून फुकट करून घेतात. ते बंद कर. जुळवणीचे पैसे वेगळे, वाजवण्याचे वेगळे, आधी लिहून घ्यायचं. मी इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या प्रेमापोटी बरंच फुकट केलं आणि प्रेम तेवढं राहिलं.

जुन्या वाद्यांवर जुनं संगीत वाजवणाऱ्या हार्नोनकोर्टचं तूच सांगितलेलं. १९५३ साली त्याने व्हिएन्नात स्वतःचा संच काढला, चार वर्षं नुसती तालीम केली, पहिला जाहीर कार्यक्रम १९५७ ला. आणि १९६९ पर्यंत सिम्फनी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवून पगार आणत होता. सोळा वर्षं! तुला शिक्षण संपून अजून आठ महिने झालेत. काम शोधायला तिथल्या सरकारने दिलेल्या वर्षातले चार उरलेत, हे मी विसरलेलो नाही. तेवढ्यात जमलं नाही आणि परत यावं लागलं तर ये. इथे दुकानात एक टेबल रिकामं आहे. पण ते रिकामं आहे म्हणून लवकर येऊ नकोस.

एक विचारायचं राहिलं. पूर्वी या नख्या कावळ्याच्या पिसाच्या करायचे म्हणालीस, आता प्लास्टिकच्या. आपल्या परसातल्या लिंबावर कावळ्यांची शाळा भरते. आईने झाडताना सापडलेली दहा-बारा पिसं तुझ्यासाठी बिस्किटाच्या डब्यात ठेवलीत. देठ टणक आहेत, मी वाकवून बघितले. पोस्टवाले घेणार नाहीत बहुतेक. डाव्या पंखाचं चांगलं की उजव्या, तेवढं कळव.

तुझा
बाबा