ताई, तुम्ही तीनदा विचारलंत म्हणून

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुढचं बोल" म्हणता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

शाळेच्या पार्किंगमध्ये तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, स्कूल बोर्डाला, म्हणजे गावातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या निवडणुकीला, तूच का उभी राहत नाहीस, तेव्हा मी हसण्यावारी नेलं, अमेरिकेची सिटिझन होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली आणि चारचौघांत इंग्रजी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. नंतर अजून दोनदा विचारलंत. इथे व्हर्जिनियात पुरोगामी विचाराची माणसं मोर्चाला येतात, उमेदवार व्हा म्हटलं की मागे सरतात, आणि तुम्ही नेमकं तेच काम धरून बसलाय, माणसं हेरायची नि तयार करायची.

उमेदवारीसाठी मतदारांच्या सह्या १२५ लागतात, तुम्ही २०० गोळा करायला लावल्यात, मतदार यादीत नाव नसलं की सही बाद. प्रत्येक कागद नोटरीसमोर. फ्लायर मेलबॉक्समध्ये टाकायचा नाही, कायद्याने चालत नाही.

प्रचारासाठी पैसे मागायचे फोन मात्र जिवावर आले होते. तुमच्या किचन टेबलावर फोन हातात धरून बसले, चहा गार झाला, तर तुम्ही म्हणालात, "गणपतीची वर्गणी मागताना लाजतेस का? आकडा सांग आणि गप्प बस." पन्नास डॉलर म्हणाले आणि पलीकडे सगळं शांत, मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. मग आवाज आला, चेक कुणाच्या नावाने लिहू? मला रडूच फुटलं.

हरले त्या रात्री तुम्ही शेली सिमंड्सचं सांगितलंत. न्यूपोर्ट न्यूजच्या स्कूल बोर्डावरची बाई, २०१७ ला हाउस ऑफ डेलिगेट्सला, म्हणजे व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाला, उभी राहिली, दोघांना ११,६०८ अशी सारखी मतं, जानेवारीत वाडग्यातून चिठ्ठी काढली ती समोरच्याची निघाली आणि सभागृहाचं बहुमतही त्या चिठ्ठीबरोबर समोरच्या पक्षाकडेच राहिलं. २०१९ ला ती परत उभी राहिली नि जिंकली. एवढं सांगून तुम्ही म्हणालात, आता कुठली दारं ठोठवायची राहिली ते लिहून काढ. त्या रात्री मला तेच हवं होतं ताई, पाठीवर हात फिरवणारे पुष्कळ होते.

यादी काढलीय. तुमचा सह्या गोळा करायचा क्लिपबोर्ड मात्र परत मिळणार नाही, आमच्या गल्लीतल्या एका नर्सला दिलाय, ती उभी राहायला अजून नाहीच म्हणतेय, माझं दोनदा विचारून झालंय.

तुमची,
धाकटी बहीण