यंदा स्टुलावर चढायचं नाही

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

खोकं मिळालं असेल. त्यात यंदाचा आकाशकंदील आहे. बाबा, गेल्या दिवाळीत कंदिलाचा बल्ब बदलताना तुम्ही स्टुलावरून पडलात, हे आईनं मला पार भाऊबीज उरकल्यावर सांगितलं. तेव्हाच ठरवलं, दिवेलागणीला आपला आपण लागणारा कंदील करायचा. आई, "काय करायलीस एवढ्या रात्री?" असं तू फोनवर विचारायचीस ना, ते हेच.

सांगाडा बाबांनी शिकवलेलाच. कामट्या, सुतळी, ताव आणि तुझ्यासारखी शिजवलेली खळ. आत कागदाचं एक नळकांडं आहे, त्यावर तुझ्या पैठणीच्या पदरावरचे पोपट कोरलेत. छोटी मोटर ते फिरवते आणि पोपट बाहेरच्या कागदावरून सरकत जातात. एका फेऱ्याला मोटरला 2048 पावलं टाकावी लागतात. आर्डुइनो नावाची तळहाताएवढी पाटी तिला दर 15 मिलिसेकंदांनी एक पाऊल टाकायला लावते, म्हणजे एक फेरा साधारण अर्ध्या मिनिटाचा. तुला गरगर फिरणारं सोसत नाही, म्हणून इतकं सावकाश.

आधी एलईडी त्या नळकांड्यालाच चिकटवले होते. थोड्याच फेऱ्यांत वायरींना पीळ पडून त्या तुटल्या. मग दिवे खालून आत जाणाऱ्या पाईपवर बसवले. दिवे जागेवर, फिरतो फक्त कागद. तरी नळकांडं लचकत होतं. तेव्हा बाबांचं दुकान आठवलं. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तुम्ही फोर्कला खडू टेकवून चाक फिरवायचात. खडू लागेल तिथं चाक बाहेर आलेलं. मी स्केचपेन टेकवून धरला. दोन पोपटांच्या मधोमध बोटभर निळी रेघ उमटली. तिथली कामटी तासली आणि नळकांडं सरळ फिरायला लागलं. रेघ तशीच आहे, बघा.

सगळ्यात जास्त छळलं ते उजेड ओळखणाऱ्या सेन्सरनं. अंधार पडला की दिवे लागायचे, त्या दिव्यांनाच तो दिवस समजायचा आणि बंद करायचा, की पुन्हा अंधार. रात्रभर नुसती उघडझाप. शेवटी त्याला काळ्या नळीत घालून तोंड आभाळाकडे केलं. रस्त्यावरच्या गाडीच्या उजेडानंही फसू नये म्हणून आता दोन मिनिटं सलग अंधार किंवा उजेड राहिला तरच तो मानतो.

टांगायचं काम शेजारच्या पोराकडून करून घ्या. बाबा, तुम्ही नाही. अडॅप्टर ओसरीतल्या बोर्डाला लावा आणि बटण चालूच राहू द्या. लाईट गेली तरी काही करू नका, आली की थोड्या वेळानं आपोआप सुरू होईल. परतीचा पाऊस आलाच तर मात्र बटण बंद करून त्याच पोराला कंदील उतरवायला सांगा.

आई, वसुबारसेला सांजवात झाली की व्हिडिओ कॉल कर. बाबांना ओट्यावर बसव आणि फोन वर धर, मला पोपट फिरताना बघायचेत. धनत्रयोदशीच्या रात्री मी अंबाजोगाईला पोचतेच.

तुमची लेक